तिकडून आणलेलं

परत येताना कुणाला काय आणायचं याची यादी मी निघायच्या आधीच करून ठेवली होती. शाळेतली सवय. डावीकडे नाव, उजवीकडे वस्तू, मध्ये पट्टीने मारलेली रेघ. जानेवारीत परतलो, बॅगा रिकाम्या झाल्या, वाटप झालं, वही कपाटात गेली. परवा वीजबिल शोधताना ती पुन्हा हाताला लागली आणि या वेळी वस्तू सोडून मी नुसती नावं वाचत खाली गेले. क्रम मी ठरवून लावला नव्हता. म्हणूनच तो खोटा म्हणता येत नाही.

सगळ्यांत वर जाऊबाई. त्यांच्याखाली त्यांचा मुलगा. मग पुण्याच्या नणंदबाई. मग यांचे शिरूरमधले दोन मित्र, ज्यांच्याकडे आमचं जाणंयेणं बेताचं, पण मान राखावा लागतो. माझ्या माहेरची माणसं पान उलटल्यावर. आणि टाकळी हाजीच्या बाजूला आमचा मळा आहे, तिथल्या वस्तीवर राहणारा सालगडी आणि त्याची बायको, ज्यांच्या भरवशावर आम्ही ऊस, दोन म्हशी आणि घराची किल्ली टाकून साता समुद्रापार निघालो होतो, ते अगदी शेवटच्या ओळीत. नावही नाही. 'गडी : चॉकलेट वगैरे.'

जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात गेली माझी. फळ्यावर नावं लिहिताना कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरून पोरांची तोंडं कशी पडतात ते मी पाहिलेलं आहे. त्यामुळे ही यादी घाईत झाली, असं मी इतरांना सांगू शकते, स्वतःला नाही.

लेक मिशिगनला असते. जावई आधी रांजणगाव एमआयडीसीत मोटारींच्या कारखान्यात होते, तिथूनच पुढे डेट्रॉईटजवळच्या ऑबर्न हिल्सला गेले. रांजणगावला तयार झालेली जीप कंपास २०१७ मध्ये जपान-ऑस्ट्रेलियाला जायला लागली, हे ते इतक्या अभिमानाने सांगतात की महागणपतीनेच ती पाठवली असं वाटावं. लोक लेकीकडे उन्हाळ्यात जातात. नातीची नाताळची सुट्टी आणि लेकीची रजा जुळली म्हणून आम्ही ऐन थंडीत गेलो. तिकिटं आमची आम्ही काढली. डिसेंबरातली तिकिटं काय भावाने पडतात ते ज्यांनी काढली त्यांना विचारा.

तिकडे त्या दिवसांत संध्याकाळी पाचला अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत धड उजाडत नाही. बाहेर बर्फ. आमच्यासारख्यांना पाय मोकळे करायला उरतात ती दुकानं. मायजर नावाचं तिथलं मोठं दुकान आहे. भाजीपासून रंगाच्या डब्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. आत सँडी नावाचा एक यांत्रिक घोडा असतो. एका सेंटात पोरं त्यावर बसून डुलतात, आणि वर्षानुवर्षं भाव तोच. सेंटचं नाणं पाडणं अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं, पण घोडा एका सेंटावरच चालतो. नात बसली की मी मनात गुणाकार करायची, नव्वद पैसे. त्या महिन्यात डॉलर नव्वदीला टेकला होता आणि माझं डोकं दिवसभर नव्वदचा पाढा म्हणत होतं. त्यात फळीवर लिहिलेली किंमत खरी नसते, गल्ल्यावर सहा टक्के विक्रीकर वर पडतो. पहिल्या दिवशी मी त्या मुलीशी वाद घालायच्या बेतात होते. लेकीने हात धरला.

यांना तिकडे सगळ्यांत आवडलं ते रिकामे डबे गिळणारं यंत्र. मिशिगनमध्ये शीतपेयाच्या प्रत्येक डब्यावर दहा सेंट अनामत घेतात, १९७६ साली लोकांनी मतदान करून तसा कायदाच केला. डबा यंत्रात टाकला की दहा सेंट परत. हे शेजाऱ्यांकडचेही डबे मागून आणायला लागले, तेव्हा जावयांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिरूरला याच माणसाने भंगारवाल्यासमोर कधी पिशवी धरलेली मला आठवत नाही. तिकडे कुणी ओळखत नव्हतं, एवढंच काय ते कारण.

खरेदीचं म्हणाल तर मला तिकडे तीन उत्तम वस्तू सापडल्या. सुई ओवायचं चिमुकलं साधन, बरणीचं घट्ट झाकण फिरवायची रबरी चकती आणि तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे, फरशीवर पाय घसरू नये म्हणून. तिन्ही मिळून दहा डॉलरच्या आत. या तीन वस्तू मी माझ्यासाठी घेतल्या आणि रोज वापरते. बाकी शेहेचाळीस किलो दुसऱ्यांसाठी होतं. दुसऱ्यांसाठी म्हटलं की कसं भरून येतं. पण मग त्यातल्या एकेका वस्तूकडे बघायला हवं.

जाऊबाईंना कोरेलचा डिनर सेट आणला. कोरेल पुण्यात मिळतं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी मी तो जाड खोका स्वेटरांत गुंडाळून, एका बॅगेचं अर्धं वजन त्यात घालून आणला. स्नानघरातल्या काट्यावर बॅग उचलून उभं राहायचं, आकडा वाचायचा, मग बॅगेशिवाय उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, असा आमचा रात्रभर कार्यक्रम. तेवीस किलोंच्या वर सहाशे ग्रॅम निघाले तेव्हा मी काय बाहेर काढलं? भावजयीसाठी घेतलेली शाल. सेट हलला नाही.

याचं मूळ बरंच मागे आहे. मी लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा जाऊबाईंचे भाऊ कुवेतला होते. दर खेपेला ते आले की घरात अत्तराचा, नव्या प्लास्टिकचा वास भरायचा. टेपरेकॉर्डर, चमचमणाऱ्या साड्या, निळ्या झाकणाच्या बाटल्या. जाऊबाई पलंगावर सगळं मांडून बसायच्या आणि हाताने वाटायच्या. माझ्या वाट्याला एकदा साबणाची एक वडी आली. सोनेरी कागदातली. मी ती वापरली नाही, ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवली, वास पार उडून जाईपर्यंत. पुढे ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर चाल केली, लाखावर भारतीय माणसं होतं ते टाकून परत आली, त्यांत तेही होते. आल्यावर घोडनदीच्या पेठेत छोटं दुकान घालून बसले. जाऊबाईंकडचं वाटप तिथे थांबलं. माझ्या मनातलं थांबलं नव्हतं, हे मला तो सेट त्यांच्या हातात देताना कळलं. त्यांनी ताटली उजेडात धरली, नखाने टिचकी मारली, 'हलकी आहे गं,' म्हणाल्या. मी म्हणाले, 'तिकडची आहे.' दोनच शब्द. पण ते म्हणायला मी पस्तीस वर्षं थांबले होते, आणि आवाजात जे होतं त्याला प्रेम म्हणायची माझी तयारी नाही.

जाऊबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे गेलेत. त्यांना हवं होतं ते मी विचारलंच नाही. तसं म्हटलं तर गुडघ्याच्या गोळ्याही आणल्या होत्या, मोठा डबा. तो तर आमच्या गल्लीत अर्ध्या जणांनी मागितला होता. 'तिकडच्या गोळ्या लागू पडतात.' त्या गोळ्यांनी झिजलेले गुडघे सुधारतात असं मोठ्या चाचण्यांत काही ठामपणे दिसलेलं नाही, हे घरातल्या डॉक्टर भाचीने निघायच्या आधी सांगितलं होतं. तरी आणल्या, वाटल्या. 'लागू पडल्या का?' असं कुणाला विचारायचं मात्र टाळते.

आता जॅकेटची गोष्ट. ती मी चारचौघांत सांगते, म्हणून इथे नीट सांगायला हवी. तिकडच्या थंडीसाठी लेकीने मला जाडजूड जॅकेट घेऊन दिलं. ओळखीतल्या एका बाईंनी सुचवलं की लेबल काढू नका, आतल्या बाजूला टाचून ठेवा, जायच्या आदल्या दिवशी पावती दाखवून परत करा, पूर्ण पैसे मिळतात, कितीतरी आईबाप असंच करतात. आम्ही ते परत केलं नाही. शिरूरला महिला मंडळात मी हे सांगते तेव्हा बायका माना डोलावतात. 'वापरलेली वस्तू परत करायची, आपल्याला नाही बाई जमत.' असं मी म्हणते. लेबल मात्र मी तिथे असेपर्यंत टाचून ठेवलं होतं, ते त्यांना सांगत नाही. निघायच्या आठवड्यात बाहीवर लिंबाच्या लोणच्याचं तेल सांडलं. सोडा लावला, साबण लावला, डाग हटेना. मग मी लेबल कापलं. त्या डागाने जे केलं त्याचं श्रेय मी घेत आले आहे.

फोनचं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे डागही आडवा आला नाही. जाऊबाईंच्या मुलाने आयफोन मागितला होता, पैसे आधी पाठवले होते. ७९९ डॉलर, त्यावर सहा टक्के, नव्वदने गुणलं की ७६ हजारांवर. आम्ही परतलो तेव्हा परदेशातून येणाऱ्या माणसाला ५० हजारांपर्यंतचं सामान माफ होतं. त्यावरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के. नवराबायकोची सवलत एकत्र धरता येत नाही. म्हणजे नुसत्या फोनचेच दहा हजार भरायचे. जावई सहज म्हणाले, 'खोका टाकून द्या आई, फोन पर्समध्ये ठेवा, तुमचाच आहे असं दिसेल.' मुंबईला उतरलो. लाल वाट, हिरवी वाट. आम्ही हिरव्या वाटेने चालत बाहेर आलो. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही. मला खोटं बोलावंच लागलं नाही, आणि तेवढ्यावर मी बराच काळ समाधान मानलं.

गंमत पुढे आहे. हाच फोन तेव्हा इथे ८२,९०० ला मिळत होता. कर भरला असता तर तिकडचा फोन इथल्यापेक्षा महाग पडला असता. म्हणजे पुतण्याचे जे सहा-सात हजार वाचले ते अमेरिकेतल्या स्वस्ताईमुळे नाही, माझ्या गप्प चालण्यामुळे वाचले. याला शोधून आणलेली खरेदी म्हणायचं तर म्हणा. चौथीच्या वर्गात पेन्सिल चोरणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायची. 'कुणी विचारलं नाही बाई' असं त्यातलं एखादं म्हणायचंही.

माहेरचं सांगते. माहेर दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला. शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावला भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर सुरू होतो. भावाचं गुऱ्हाळ आहे. निघायच्या आधी त्याने लेकीसाठी पाच किलोची ढेप दिली होती. त्या दिवशी त्याने आमच्यासाठी कढई वेगळी काढली, रस नुसत्या रानभेंडीच्या पाण्याने साफ केला, पावडर काही घातली नाही. त्यामुळे गूळ काळसर झाला. 'बाजारात हा कुणी घेत नाही,' तो म्हणाला, 'पण पोरीला हाच दे.' भावजयीने वर काकवीची बाटली दिली, तिला तीन पिशव्यांची वेष्टणं घातली. ऑबर्न हिल्सला नातीने पोळीबरोबर तो गूळ संपवला, जावयांनी कॉफीत घातला.

त्या भावजयीची शाल मी काट्यावर बाहेर काढली. बदल्यात तिला हाताला लावायचं क्रीम दिलं, तीन घेतली की तीन फुकट असं सवलतीतलं. सहातली उरलेली दौंडच्या अक्काला आणि चुलतबहिणींना. अक्का दौंडला राहते. भावजींची सगळी नोकरी रेल्वेत झाली, आता दोघंच असतात. अक्काने नळीचं झाकण उघडलं, वास घेतला, शेजारी ठेवलेल्या भावजयीच्या नळीचाही घेतला आणि म्हणाली, 'एकाच दुकानातलं दिसतंय. आम्ही सगळ्या एका भावात का?' ती हसत म्हणाली, मीही हसले. दौंडहून शिरूरला येईपर्यंत गाडीत मी हिशेब मांडत होते. सासरच्यांना काचसामान, फोन, ब्रँडचे शर्ट. माहेरच्यांना वास. कारण माहेरची माणसं रागावत नाहीत. रागावणार नाहीत याची खात्री असते त्यांना आपण कमी देतो. मुलींना हे कुणी शिकवत नाही, आणि तरी सगळ्या शिकतो. मी तर शिकवण्यात आयुष्य काढलेली.

केडगावचं नाव निघालं की पंडिता रमाबाईंचा विषय माझ्या मनात येतोच, त्यांच्या मुक्ती मिशनच्या वाटेवरून लहानपणी किती वेळा गेले असेन. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-तीन वर्षं तिकडे राहिल्या. व्याख्यानं देत देशभर फिरल्या, बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या. बॉस्टनच्या लोकांनी त्यांच्या नावाने संस्था काढून दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. केडगाव त्याच्या पुढचं. एक विधवा बाई अमेरिकेतून येताना हे घेऊन आली होती. त्यांच्याशी माझी तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सव्वा डॉलरवाल्या एका दुकानात शिक्षकांसाठी वेगळी मांडणी होती. आकड्यांचे पत्ते, भिंतीला लावायच्या रंगीत किनारी, शाबासकीच्या चिकट चांदण्या, लाकडी मणी. मी तिथे बराच वेळ उभी होते. पंधरा-वीस डॉलरांत माझ्या जुन्या शाळेच्या पहिलीच्या वर्गाची भिंत भरली असती, वजन किलोभरही नसतं. मी चांदण्यांचं एक पाकीट घेतलं, ते नातीला दिलं. शाळेचं नाव यादीत नव्हतं. शाळेतलं कुणी आता माझ्याकडे येत नाही, आणि तिथे काय आणलं हे कुणाला कळणारही नव्हतं. माझी खरेदी कुठे थांबते याची हद्द मला त्या मांडणीसमोर दिसली.

आणि हेडलॅम्प.

लेकीच्या शेजारचा म्हातारा संध्याकाळी कुत्रा फिरवायला निघायचा. कपाळावर पट्ट्याने बांधलेला दिवा. कुत्र्याच्या गळ्यातही हिरवा उजेड देणारा पट्टा, अंधारात मोटारवाल्याला दिसावा म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग पिंपरखेड आठवलं. आम्ही निघायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमच्या मळ्यापासून फार लांब नाही अशा त्या गावाच्या परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले. दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी मंचरला महामार्ग रोखून धरला, शेवटी बिबट्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर त्या भागात माणसं गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे घालून रानात जायला लागली. बिबट्या मान धरतो म्हणून. तिकडे कुत्र्याच्या गळ्यात दिव्याचा पट्टा आणि इकडे बाईमाणसाच्या गळ्यात खिळ्यांचा, हे एकदा डोक्यात आलं ते जाईना.

आमच्याकडे लाइट पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की गडी दारं धरायला उसात शिरतो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड, तोही चिखलात पडू नये म्हणून कधी दातात धरायचा. मागे थोड्या अंतरावर त्याची बायको काठी आपटत, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून उभी. हे मला ठाऊक होतं. निघताना त्याने सांगितलं होतं, 'बाई, तुम्ही बिनघोर जावा.' आणि आम्ही गेलो. खरोखरच बिनघोर.

हेडलॅम्पचं तिनाचं पाकीट हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यापाशी टांगलेलं होतं. मी ते उचललं तेव्हा लेकीला म्हणाले, 'मळ्यात उपयोगी पडेल.' आपण किती चांगल्या मनाच्या आहोत असं क्षणभर वाटूनही गेलं. इथे आल्यावर एक यांनी पहाटे फिरायला जायला ठेवला. दुसरा जाऊबाईंच्या मुलाने पाहिला, 'काकी, भारी आहे,' म्हणाला, त्याच्याकडे गेला. तिसरा मळ्यावर. गड्याने तो कपाळाला लावला, मान वळवून गोठ्यात, उसाच्या कडेला उजेड फिरवून पाहिला. हात मोकळे राहतात हे कळल्यावर दोन्ही तळवे पुढे करून बायकोला दाखवले. ती म्हणाली, 'चार्जिंग किती वेळ टिकतं?' आणि मग, मागणं वाटू नये अशा बेताने, 'दोन असते तर बरं झालं असतं. मी मागं असते ना.'

पुढच्याच आठवड्यात मी शिरूरच्या बाजारात गेले. हेडलॅम्प तिथे टांगलेले होते. तीन-चारशे रुपयांना, चार्जिंगचे, दुकानात शिरल्या शिरल्या दिसतील असे. दुकानदार म्हणाला, 'बाई, केव्हापासून ठेवतोय, सगळे उसवाले नेतात.' त्या दुकानातून मी झाडू, मेणबत्त्या, बल्ब कायम नेत आले आहे. म्हणजे ती वस्तू माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली होती आणि मला ती दिसायला मिशिगनचा म्हातारा आणि त्याचा कुत्रा लागला. इथल्या अंधारात मी कधी चाललेच नव्हते ना. मी एक घेतला आणि मळ्यावर पोचवला. घरी हे म्हणाले, 'बरं केलंस. आपला तिकडचा आहे तो राहू दे, बाजारातला त्यांना चालेल.' मी त्यावर वाद घातला नाही.

पण हेडलॅम्प देऊन मी या विषयातून सुटते आहे असं मला वाटत होतं, ते गड्याने पुसून टाकलं. पाडव्याला त्याचं साल भरतं. यंदा राहायचं की नाही, ते सांगत नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, 'दिवा चांगला आहे बाई. पण उसात शिरायचं तर आहेच.' आणि मग हळूच, 'ठिबक झालं असतं तर रातचं आत शिरायलाच नको.'

ठिबकचं कोटेशन आमच्या टेबलाच्या खणात आहे. दुकानदाराने केव्हाचं दिलेलं. मोटारीला आपोआप चालू होणारा स्टार्टर, शेतभर नळ्या. रात्री लाइट आली की पाणी आपलं आपण फिरतं, पाटाची दारं फोडायला कुणी आत जावं लागत नाही. सरकारी अनुदान आहे, अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५. अर्ज महाडीबीटीवर करायचा, सातबारा ज्याच्या नावावर त्यानेच. सालगड्याला तो करता येत नाही. आमच्या दोघांच्या तिकिटांच्या पैशांत, अनुदान न धरताही, आमच्या उसाचं ठिबक झालं असतं. लेकीकडे जायला नको होतं असं मी म्हणत नाही, नात मांडीवर येऊन बसली त्याची किंमत मी कशातही करणार नाही. पण तिकिटं काढताना आम्ही एका रात्रीत निर्णय घेतला आणि ठिबकला दरवर्षी 'बघू' म्हणतो, हे दोन्ही निर्णय आमचेच आहेत. पाणी रात्रीचं असलं तरी आमच्या झोपेत काही फरक पडत नाही, म्हणून 'बघू' परवडतं.

काल रात्री मी यांच्यापुढे कोटेशन ठेवलं. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले, जुने आहेत म्हणाले, भाव वाढले असतील. मी म्हणाले, वाढले असतील तर वाढलेले देऊ. त्यांनी विचारलं, 'एकदम एवढी घाई का?' मी त्यांना पिंपरखेड म्हणाले, पाडवा म्हणाले, चांगला गडी जाईल म्हणाले. शेवटचं कारण त्यांना पटलं. मला ते कारण आवडलं नाही, पण मी ते मागे घेतलं नाही. 'खोडवा निघू दे, मग अर्ज करू,' ते म्हणाले. खोडवा निघायचा तेव्हा निघेल. टोळी अजून आलेली नाही. मी सकाळी सातबारा काढून आणला आणि नवीन कोटेशनसाठी दुकानदाराला फोन लावला. तो उद्या मळ्यावर माप घ्यायला येतो म्हणाला. दिवसाच यायला सांगितलं आहे. या आठवड्यात लाइट रात्रीची आहे.